रंगाची कड सरळ कशी आणायची?



दसरा तोंडावर आला की आपल्याकडं घरोघर दसरा काढायची घाई सुरू होते. गोधड्या धुवायच्या, भांडी घासायची आणि भिंतींना रंग द्यायचा. ज्यांचं घरकुल नुकतंच पूर्ण झालं, त्यांच्या घरी तर हा पहिलाच रंग असतो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. बांधकाम उरकेपर्यंत ते कधी संपतात कळतही नाही, आणि रंगाची पाळी शेवटी येते. मग पेंटर लावायचा का आपणच हात मारायचा, हा प्रश्न पडतो.

रंगकामात आपल्या बायका आधीपासून आहेतच. भिंत खरवडणं, धुणं, पाणी आणणं, पुट्टी घासणं, ही कामं बायकाच करतात. पण जिथं दोन रंग एकमेकांना भेटतात, तिथली कड धरायची वेळ आली की ब्रश पेंटरच्या हातात जातो. हाजरी पण तिथंच बदलते. घासणारीला हेल्परची हाजरी आणि कड धरणाऱ्याला कारागिराची. गटाच्या बैठकीत विचारलं तर ताई म्हणतात, "रोलर आम्ही फिरवतो हो, पण कड आमच्यानं नाही जमत."

कड जमते, ताईंनो. तिच्यासाठी हात जन्मतःच वेगळा लागत नाही. वाकडी कड बहुतेक वेळा ब्रशमुळं नाही तर ब्रश उचलायच्या आधीच्या घाईमुळं येते. म्हणून या अंकात कडेचं सगळं काम पहिल्यापासून क्रमानं सांगते.

एका खोलीत कड असते किती?

१० बाय १२ फुटांची एक खोली धरा. वर छतापाशी चारी भिंतींची मिळून ४४ फूट कड. खाली ४ फुटांपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा द्यायचा असेल, तर दाराचे ३ फूट सोडून ४१ फूट. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजू आणि वरचा भाग धरून १७ फूट. ४ बाय ३ ची एक खिडकी असेल तर चारी बाजूंनी १४ फूट. बेरीज करा, ११६ फूट होते.

चौरस फुटावर भाव ठरवताना ही ११६ फूट कड कुणी मोजत नाही. पण सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागतो. आणि घरमालक खोलीत आला की त्याची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. मधली भिंत थोडी कमी-जास्त झाली तर चालून जातं. कड वाकडी झाली की "बायकांनी केलंय" असं ऐकावं लागतं.

आधी भिंत तयार आहे का ते बघा

कच्च्या भिंतीवर कड टिकत नाही. त्यासाठी तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, चुना. जुन्या भिंतीवर वर्षानुवर्षं चुना मारलेला असतो. तळहात भिंतीवर जोरात घासा. हात पांढरा झाला तर भिंत भुकटी सोडतेय. अशा भिंतीवर रंग मारला तर तो भिंतीला नाही, भुकटीला चिकटतो, आणि कडेपासून त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. त्यासाठी सुटणारा चुना पत्र्यानं खरवडायचा, भिंत धुवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग प्रायमरचा हात द्यायचा.

दुसरी, ओल. पावसाळा संपल्या संपल्या भिंत वरून कोरडी दिसते, पण आत ओल असते. प्लास्टिकच्या पिशवीचा फूटभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा आणि एक दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. नव्या घरकुलाचा गिलावा तर चांगला महिनाभर तरी वाळलेला पाहिजे. भिंतीवर लोणा म्हणजे पांढरं मीठ फुललं असेल, तर ते कोरड्या ब्रशनं झाडून काढा. पाण्यानं धुतलं तर ते पुन्हा भिंतीत मुरतं आणि परत वर येतं.

तिसरी, भेगा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून कोपऱ्यात आणि खिडकीच्या टोकाला भेगा पडतात. भेगेवरून ओढलेली कड कधीच सरळ दिसत नाही. बारीक भेग पुट्टीनं भरा, मोठी असेल तर सिमेंटनं. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासून भिंतीच्या सपाटीला आणा.

घासताना एक काळजी घ्या. जुन्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या देशात २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा रंग कसा होता हे आता डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिशाची धूळ लहान लेकरांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक असते. म्हणून जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, पाणी लावून ओला घासा. नाक-तोंड बांधा. धूळ झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. गरोदर बाईला आणि लेकरांना त्या दिवशी त्या खोलीत येऊ देऊ नका. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

रेघ आखायची ती पाण्याच्या लेव्हलनं

पट्ट्याची रेघ फरशीपासून टेपनं मोजून आखली की फसते. आपल्या फरश्या क्वचितच एका लेव्हलच्या असतात. न्हाणीच्या बाजूला उतार तर मुद्दाम दिलेला असतो.

गवंड्याकडं असते ती पारदर्शक नळी घ्या, २५-३० फूट पुरते. तिच्यात पाणी भरा आणि आत एकही बुडबुडा नाही ना ते बघा. बुडबुडा राहिला की माप चुकतं. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली तर पातळी नीट दिसते. एका कोपऱ्यात ४ फुटांवर पेन्सिलनं खूण करा. एकीनं नळीचं टोक तिथं धरायचं, दुसरीनं दुसरं टोक पुढच्या कोपऱ्यात न्यायचं. दोन्ही टोकं उघडी पाहिजेत, अंगठा लावलेला नको. पहिल्या खुणेवर पाणी स्थिर झालं की दुसरीकडं जिथं पाणी असेल तिथं खूण करायची. असे चारी कोपरे झाले की पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर येऊन तपासायचं.

मग दोरी. बारीक सुती दोरीला खडूची भुकटी चोळा. दोघींनी दोन खुणांवर दोरी ताणून धरायची आणि तिसरीनं मधोमध धरून सरळ आपल्याकडं ओढून सोडायची. भिंतीवर रेघ उमटते. भिंत लांब असेल तर मधे बोटानं दाबून दोन्ही बाजूंना वेगवेगळी दोरी सोडा. गेरू वापरू नका. रंगातलं पाणी लागलं की गेरूचा लाल डाग वर येतो.

फक्त एका ठिकाणी लेव्हलपेक्षा डोळ्याचं ऐकायचं, ते म्हणजे छताजवळ. स्लॅब थोडा तिरका असेल आणि त्याच्या चार बोटं खाली तुम्ही लेव्हलची रेघ मारली, तर बघणाऱ्याला स्लॅब नाही, तुमची रेघच वाकडी वाटते. तिथं स्लॅबपासून सारखं अंतर धरून रेघ ओढा.

छताचा कोपरा खडबडीत असेल तर

गावाकडच्या घरात भिंत आणि स्लॅब जिथं मिळतात तो कोपरा बरेचदा खडबडीत असतो. पत्र्याच्या घरात तर भिंत वर कशीही संपलेली असते. त्या कोपऱ्यात सरळ कड काढायला गेलात तर हात दुखतो आणि कड काही येत नाही.

त्यापेक्षा छताचा पांढरा रंग भिंतीवर दोन-तीन इंच खाली उतरू द्या. तिथं सपाट भिंतीवर रेघ आखा आणि भिंतीचा रंग त्या रेघेपर्यंतच न्या. लुगड्याला जसा काठ असतो, तसा वर पांढरा काठ दिसतो. कोपऱ्याचा खडबडीतपणा त्यात लपतो आणि खोली उंच वाटते.

कुठला रंग आधी?

आधी छत, मग भिंतीचा डिस्टेंपर, मग खालचा ऑइलपेंटचा पट्टा आणि सगळ्यात शेवटी चौकटी आणि खिडक्या. वरून खाली आलं की वरचे थेंब खालच्या रंगात झाकले जातात.

डिस्टेंपर पट्ट्याच्या रेघेखाली इंचभरच उतरवा. काही जणी सगळी भिंत खालपर्यंत डिस्टेंपरनं मारतात आणि त्यावर ऑइलपेंट देतात. डिस्टेंपरवर ऑइलपेंट नीट धरत नाही, वर्ष-दोन वर्षांत पोपडे निघतात. पट्ट्याच्या जागी प्रायमरवरच ऑइलपेंट गेला पाहिजे.

हातानं कड धरणं, म्हणजे कटिंग

दीड किंवा दोन इंची ब्रश घ्या. नवा ब्रश आधी तळहातावर झटका आणि सुटे केस ओढून काढा, नाही तर ते नेमके कडेत चिकटतात.

१. ब्रश रंगात एक तृतीयांशच बुडवा. डब्याच्या आतल्या बाजूला हलकेच आपटा. काठावर घासून सगळा रंग काढून टाकू नका.

२. रेघेवर एकदम ब्रश टेकवू नका. रेघेपासून एक बोट खाली सुरुवात करा. पहिल्या वितीत जास्तीचा रंग तिथं उतरतो.

३. मग ब्रश थोडा दाबा. केस पंख्यासारखे पसरतात आणि त्यांची एक बारीक ओळ तयार होते. ती ओळ हळूहळू वर सरकवत रेघेला टेकवा आणि एका दमात हातभर ओढा.

४. नजर केसांवर ठेवू नका, चार बोटं पुढं ठेवा. सायकल चालवताना आपण चाकाकडं बघत नाही, पुढं बघतो, तसंच.

५. हात लांबवून काम करू नका. खांद्यासमोर जेवढं येतं तेवढंच ओढा, मग शिडी सरकवा. शिडी दुसरीनं धरलेली पाहिजे. स्टूलवर डबा आणि डब्यावर पाय, हे अजिबात नको.

६. कड ओली असतानाच दुसरीनं मागून रोलर फिरवायचा. कड वाळून गेल्यावर रोलर लावला तर दोन्हीच्या मधे पट्टा उमटतो. म्हणून दोघींची जोडी लावा, एक कडेला आणि एक रोलरला. दर खोलीला अदलाबदल करा, म्हणजे दोघी शिकतात.

ऑइलपेंट पातळ करायला टर्पेंटाईनच वापरा. स्वस्त पडतं म्हणून रॉकेल टाकलं तर रंग लवकर वाळत नाही आणि चमक जाते. फार पातळ केला तर कडेवरून ओघळ येतात. टर्पेंटाईन पेट घेतं, म्हणून चुलीपासून लांब ठेवा आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. बोर्डाजवळ काम करताना मेन स्विच बंद करा.

चिकटपट्टी लावायची असेल तर

मास्किंग टेप म्हणजे कागदी चिकटपट्टी. खोक्याला लावतात ती खाकी किंवा पारदर्शक पट्टी इथं चालत नाही. ती रंगही ओढून नेते आणि गोंदही मागं ठेवते.

या कागदी पट्टीचा जन्मच कडेच्या अडचणीतून झाला. अमेरिकेत त्या काळी दोन रंगांच्या मोटारींची चलती होती. रंगवणारे कारागीर कागद चिकटवून कड धरायचे, आणि कागद काढताना ताजा रंग निघून यायचा. सेंट पॉल शहरात थ्री एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणानं त्यांची ही अडचण बघितली आणि १९२५ साली सहज निघणारी पट्टी तयार केली. म्हणजे भल्याभल्या कारागिरांना पण कड अवघड जात होती, आपणच एकट्या नाही.

पट्टी वापरताना हा क्रम ठेवा:

• डिस्टेंपर पूर्ण वाळू द्या, किमान एक दिवस. मग पट्टीचा वीतभर तुकडा लावून ओढून बघा. पट्टीला पांढरी भुकटी लागली तर भिंत पट्टीला तयार नाही, तिथं हातानंच कड धरा.

• पट्टी जास्त चिकट वाटली तर आधी सुती कापडावर एकदा चिकटवून काढा, मग भिंतीला लावा.

• पट्टी रेघेच्या वर लावा, तिची खालची धार बरोबर रेघेवर आली पाहिजे. हातभर-हातभर लावत जा, ताणू नका. जुन्या प्लास्टिक कार्डानं किंवा चमच्याच्या पाठीनं ती धार दाबून घ्या.

• आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टीच्या धारेवर आधी वरच्या भिंतीचाच रंग अर्ध्या बोटाएवढा पातळ लावा आणि वाळू द्या. भिंत खडबडीत असते, पट्टीखाली बारीक फटी राहतात. त्या फटींत जो काही रंग शिरायचा तो भिंतीच्याच रंगाचा शिरतो, म्हणून दिसत नाही. फटी बंद झाल्या की मग पट्ट्याचा ऑइलपेंट मारा. तो आत शिरत नाही.

• पट्टी काढायची ती रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी. पट्टी स्वतःवरच दुमडून तिरकी, हळूहळू ओढा. रंग कडक झाला असेल तर आधी धारेवरून ब्लेड हलकेच फिरवा.

• पट्टी रात्रभर ठेवू नका. उन्हाच्या भिंतीवर तर अजिबात नाही. आपल्या परभणीच्या उन्हात गोंद वितळून भिंतीला बसतो.

पट्टी सगळीकडं लावायची गरज नाही. आपल्या खोलीत फक्त पट्ट्याच्या ४१ फुटांना लावली तरी पुरे. ते साधारण साडेबारा मीटर होतात. रोलवर किती मीटर लिहिलंय ते वाचून घ्या, म्हणजे जास्तीचा खर्च होत नाही.

कड चुकलीच तर

डिस्टेंपर रेघेबाहेर गेला तर लगेच ओल्या फडक्यानं पुसा. फडकं बोटाला गुंडाळा, सगळा हात फिरवू नका. ऑइलपेंट गेला तर टर्पेंटाईन लावलेल्या फडक्याच्या टोकानं टिपा. अर्धवट वाळलेल्या रंगाला हात लावायचा नाही, तो पसरतो. पूर्ण वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी बारीक ब्रशनं वरचा रंग खाली आणून कड दुरुस्त करा. पेंटर पण असंच करतात.

काम संपल्यावर खोलीच्या दारात उभं राहून बघा. मग मोबाइलची बॅटरी भिंतीला लावून आडवी मारा. सगळे ओघळ आणि सुटलेल्या जागा दिसतात. घरमालकानं दाखवायच्या आधी आपणच शोधलेलं बरं.

सराव कुठं करायचा?

सरावाला रंग लागत नाही. कोरड्या सिमेंटच्या भिंतीवर खडूची रेघ मारा आणि ब्रश साध्या पाण्यात बुडवून रेघेपर्यंत ओढा. पाणी लागलं की सिमेंट गडद दिसतं, म्हणून कड कुठं चुकली ते लगेच कळतं. थोड्या वेळात वाळतं, की पुन्हा मारा. रोज पंधरा मिनिटं आठ दिवस केलं तर हात बसतो. पैसा एक लागत नाही.

आपल्या आज्या भिंतीला पोतारा द्यायच्या आणि खालून गेरूचा पट्टा ओढायच्या, तेव्हा हातात नुसतं फडकं असायचं. ती नजर आपल्याकडं आहे, फक्त ब्रशची सवय करायची आहे.

गटानं काम घेताना

सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी यांच्यात दिवस मोजकेच मिळतात, म्हणून आधी ठरवून घ्या. भाव सांगताना चार गोष्टी लिहून घ्या: रंग आणि सामान कोण आणणार, किती हात द्यायचे, पट्टा आणि चौकटी भावात आहेत का वेगळ्या, आणि पैसे कधी मिळणार. कडेचे फूट मोजून त्याचा वेळ भावात धरा. घरमालकाला आधी एका भिंतीवर हातभर कड काढून दाखवा. ती त्याला पसंत पडली की मगच पुढचं काम धरा, म्हणजे शेवटी वाद होत नाही. हाजरी वाटताना कड धरणारीची आणि घासणारीची वेगळी ठेवायची का सारखी, हे काम सुरू व्हायच्या आधी बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा. पैशावरून कटुता आली की चांगला गट पण मोडतो.

ज्या गटांना हे काम शिकायचं आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत नावं द्यावीत. पाच-सहा जणी झाल्या तरी चालेल. लेव्हलची नळी, दोन ब्रश आणि एक बादली पाणी एवढं आणा. एखाद्या ताईच्या घराच्या मागच्या भिंतीवर आपण सगळ्या मिळून सराव करू. तुमच्या सीआरपी ताईंना सांगितलं तरी निरोप पोचेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक